गाठ खालच्या बाजूला

चाचा, गेल्या आठवड्यात आमच्या कार्यशाळेत लाकडाची गाडी आली. मी इथे अमरावतीच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवते हे तुम्हाला माहीतच आहे. मुलांच्या सरावासाठी दरवर्षी मऊ लाकूड येतं. या वेळी चलनावर 'देवदार' लिहिलं होतं. मी ढिगातली एक फळी ओढली, तिचं टोक उन्हाकडे धरलं, फिक्या पट्ट्यावर नख दाबलं आणि चलन तसंच बाजूला ठेवलं. ते चीड होतं, आमची मुलं ज्याला पाइन म्हणतात ते. चांगलं वाळलेलं, सरळ, पण चीड. आमचा भांडारपाल म्हणाला, "मॅडम, पोरायले काय समजते? लाकूड ते लाकूड. सही करून टाका." मी सही केली नाही. गाडी परत गेली आणि दिवसभर जो तो माझ्याकडे कौतुकानं बघत राहिला. एक नवीन शिक्षिका म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता." मला ते ऐकवेना. मी हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि नळापाशी बराच वेळ उभी राहिले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. आज आयटीआयला सुट्टी आहे, कार्यशाळेत कोणी नाही, म्हणून बसले आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. विजेच्या कामाच्या जागा भरल्या म्हणून सुतारकामाला नाव घातलेली, पास झालेली, आणि एकाही कारखान्यानं उभं न केलेली. मूर्तिजापूरहून सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याला यायचं, दुकानं फिरायची आणि संध्याकाळी परतायचं, असे दोन महिने गेले होते. जुन्या शहरातल्या तुमच्या गल्लीत मी सगळ्यात शेवटी आले. तुम्ही एका मोठ्या खोक्याचे खिळे उपटत बसला होता. माझं प्रमाणपत्र तुम्ही हातात घेतलं नाही. जमिनीवरचे चार तुकडे उचलून टेबलावर मांडले आणि म्हणालात, "हे कोणतं कोणतं हाये, सांग." मी सागवान ओळखलं, बाभूळ ओळखलं आणि थांबले. तुम्ही म्हणालात, "सागवान तं आंधळाही ओळखते. तुह्या हातात जलमभर जे येणार हाये, ते वळख." मग उरलेल्या दोनपैकी एकावर बोट ठेवून म्हणालात, "हे चीड." मला हसू आलं, कारण मला चीड म्हणजे राग एवढंच ठाऊक. तुम्ही हसला नाहीत. "हिच्यावर रागावलं तं ही बी रागावते," म्हणालात आणि पुन्हा खिळे उपटायला लागलात. मी दुसऱ्या दिवशी आले. तुम्ही नको म्हणाला नाहीत, तीच माझी नेमणूक.

पहिला आठवडा तुम्ही मला हत्याराला हात लावू दिला नाही. मी नुसते तुकडे बघायचे. यंत्रांबरोबर येणाऱ्या खोक्यांच्या फळ्या, वखारीतल्या फळ्या, ओल्या, वाळलेल्या, निळसर डाग पडलेल्या. चिडाचा पट्टा बघ, तुम्ही सांगायचात, एक रुंद आणि फिका, त्याच्या शेजारी एक अरुंद आणि काळपट. फिक्यात नख रुततं, काळपटात रुतत नाही. टोकाशी राळेचे बारीक ठिपके असतात, उन्हात ते पाझरतात, बोट चिकटतं. देवदाराला तसा चिकटा नाही, त्याच्या अंगाला तेल असतं आणि वास गोडसर. मे महिन्यात तुमच्या पत्र्याखाली इतकं तापायचं, की उभ्या करून ठेवलेल्या फळ्यांवर राळेचे मणी यायचे. तुम्ही एक मणी बोटावर घेऊन मला दाखवला होता. "पाय, हे झाड कुठं डोंगरात थंडीत वाढलं, आन् मेल्यावर अकोल्यात येऊन घामेजलं." तुम्ही इतकं बोललात, तो दिवस मला लक्षात आहे. एरवी दिवसभरात तुमची दहा वाक्यं व्हायची नाहीत.

मग रंधा दिलात. मी उलट्या रेषेनं रंधा मारला आणि फळीच्या तोंडावरची साल निघावी तसे टवके उडाले. तुम्ही रंधा काढून घेतला, फळी फिरवून ठेवली आणि म्हणालात, "लाकडासंग काहून भांडून राहिली तू? फिरव तिले." एवढंच. खिळा मारण्याआधी गिरमिटानं बारीक भोक पाडायचं, नाही तर चीड टोकाशी तडकते. धार बोथट असेल तर फिका पट्टा कापला जात नाही, चेपला जातो. हे सगळं मी तुमच्या हाताकडे बघून शिकले. दुपारी चाची आतून हाक मारायच्या. तुमच्या स्वयंपाकघरात फडताळावर माझा एक वेगळा कप होता. वेगळा म्हणजे विटाळाचा नव्हे. त्याला कान होता आणि बाकीच्या कपांचे तुटलेले होते, म्हणून चाची तो माझ्यासाठी राखून ठेवायच्या. माझी भाकरी आणि ठेचा तुम्हाला फार आवडायचा. रमजानात तुम्ही पाणीही पीत नसताना मला डबा उघडायची लाज वाटली, तेव्हा तुम्ही रागावला होता. "रोजा माहा हाये. तुह्या पोटानं काय केलं?" असं म्हणून तुम्ही पाठ फिरवून करवतीला धार लावत बसलात, मला मोकळेपणानं जेवता यावं म्हणून.

तीन वर्षांनी ते झालं. आता सावकाश लिहिते, कारण ते मी कधीच कुणाला नीट सांगितलेलं नाही.

रिद्धपूरच्या एका मठाची दारं दुरुस्त करायला तुम्ही दोन दिवस गेला होता. तुमचा मुलगा साहित्य आणायला बाहेर होता. कारखान्यात मी एकटी. एका रंगाऱ्यानं सांगितलेला घोडा त्या दिवशी द्यायचा होता, म्हणजे ती दोन पायांची उघडून उभी करायची उंच शिडी. एका शाळेच्या सभागृहाच्या भिंती रंगवायचं काम त्याला मिळालं होतं. तो तिशीतला, हसरा माणूस होता. दुपारीच येऊन उंबऱ्यावर बसला. "ताई, आज नाही भेटला तं माहं काम दुसऱ्याले जाते," म्हणाला. पाय झाले होते, सगळ्या पायऱ्या झाल्या होत्या, एक उरली होती. वरून तिसरी. त्या मापाची एकच फळी शिल्लक होती आणि तिच्यात गाठ होती. एका बाजूनं मुगाच्या दाण्याएवढी, दुसऱ्या बाजूनं बोराएवढी, भोवती काळी कड. तुम्ही मला शिकवलं होतं, की काळी कड म्हणजे मेलेली गाठ, लाकडाला ती धरून नसते. मला ते येत होतं, चाचा. मी त्या गाठीवर बोट फिरवलं होतं. वखार दहा मिनिटांवर होती. पण मला त्या दिवशी तुम्ही परत याल तेव्हा सांगायचं होतं की मी एकटीनं घोडा पुरा केला, वेळेवर दिला. मी त्याच्याकडे पाठ करून गाठीत सरसात कालवलेला भुसा भरला, काचपेपर मारला, आणि तिची मोठी बाजू कुणाला दिसू नये म्हणून खाली केली. वरून रंगाचा हात दिला. रंग पुरता वाळायच्या आधीच तो घोडा खांद्यावर घेऊन गेला. जाताना म्हणाला, "चाचाले सांगजा, ताईनं बढिया केला."

चौथ्या दिवशी ती पायरी मोडली. तो वरून फरशीवर पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं.

त्याचा भाऊ आणि ठेकेदार मोडलेल्या पायरीचे दोन तुकडे घेऊन आले, ते चित्र आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. तुम्ही टेबलाशी उभे आहात. मी तुमच्या मागे, हातात करवत. तुमचा मुलगा दारात. भाऊ ओरडत नाही, तुकडे टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "चाचा, हे पाहा." तुम्ही चष्मा लावता. मोडलेल्या तोंडावर अंगठा फिरवता. फिक्या लाकडात माझा भुसा तपकिरी दिसतो आहे, कारण तो सागवानाचा होता, जवळ तोच पडला होता. तुमचा अंगठा तिथे थांबतो. तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघाल म्हणून मी श्वास धरून उभी आहे. तुम्ही वळत नाही. चष्मा काढता आणि म्हणता, "लाकूड मी निवडून ठेवलं होतं. माही नजर चुकली."

मी तिथेच होते. 'नाही, मी,' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही.

ते गेल्यावर मला वाटलं आता तुम्ही मला हाकलून द्याल. संध्याकाळपर्यंत तुम्ही हातातलं काम करत राहिलात. मी पिशवी उचलली तेव्हा विचारलंत, "गाठ खाली काहून केली?" मी म्हणाले, दिसू नये म्हणून. तुम्ही एक पातळ पट्टी घेतली, दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबला. "वजन पडलं का वरचं अंग दबते, आन् खालचं ताणते. गाठ वर राहिली असती तं दबली असती. कदाचित टिकली असती. तू तिले नेमकी फाटाच्या जागी ठेवली." मग पट्टी उचलून जागेवर ठेवलीत. "उद्या येजो." दुसऱ्या दिवसापासून महिनाभर तुम्ही मला एकही वस्तू करू दिली नाही. वखारीतून येणारी प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी बघायची आणि प्रत्येक गाठीला कोळशानं गोल करायचा, एवढंच काम. माझे तळहात काळे असायचे. चाची विचारायच्या, हिला ही कसली शिक्षा, आणि तुम्ही म्हणायचात, शिकून राहिली.

पण शिक्षा तुम्हालाच झाली. जुन्या शहरात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. चाचाची नजर गेली, असं लोक म्हणू लागले. शिड्या आणि पाळणे करून घ्यायला कुणी येईना. तुमच्या मुलानं, तुमच्या काळजीनंच, हळूहळू लाकूड निवडायचं काम स्वतःकडे घेतलं. तुम्ही फळी हातात घेतलीत की तो म्हणायचा, "अब्बू, राहू द्या, मी पाहतो." तुम्ही त्याच्या हातात फळी द्यायचात. अकोल्यात चिडाची गाठ अंधारात बोटानं ओळखणारा माणूस पोराच्या हातात मुकाट फळी देतो, हे मी पाच वर्षं रोज बघितलं. मी तिथेच शेजारी रंधा मारत होते.

दर शुक्रवारी नमाज झाली की तुम्ही त्या रंगाऱ्याकडे जायचात. त्याचा एक पाय आखूड राहिला होता, शिडी कायमची सुटली होती. तुम्ही त्याच्यासाठी एक बैठक केलीत, पाठीला टेका, आखूड पायाखाली उतरती फळी, समोर पाटी टेकवायला चौकट. त्यावर बसून तो दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवू लागला. ती बैठक करताना तुम्ही मला एक फळी निवडायला सांगितली होती. मी निवडली, दोन्ही बाजूंनी बघून. तुम्ही ती पुन्हा बघितली नाही, तशीच कापायला घेतली. त्या दिवशी मला रडू आलं आणि मी भुशाचं निमित्त केलं.

मला इथली नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले होते. तुम्ही पितळी टोकाचा तुमचा लहान रंधा मला दिलात. मी तेव्हा धीर करून म्हणाले, "चाचा, ते घोड्याचं..." तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाही. "मले माहीत हाये. मले सांगून काय करशीन? ज्याचा पाय गेला त्याले सांग." मी म्हणाले, सांगते. तुम्ही मान हलवली. त्यानंतर सात वर्षं मी ईदला यायचे, चाचींच्या हातचा शीरखुर्मा खायचे. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, सांगितलं का. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा मनात म्हणायचे. दोष तुमच्यावर ढकलायची ती माझी आणखी एक रीत.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी पहिल्या गाडीनं आले. चाचींजवळ बसले होते. तुमचा मुलगा आत आला आणि मला बाहेर कारखान्यात बोलावलं. कबरीवर आडव्या टाकायच्या फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, चिडाच्या. तो म्हणाला, "ताई, तुमी एकदा पाहून द्या. अब्बूले गाठीची फळी नको. तुमाले त्यायनं नजर चांगली होती तवाच शिकवलं, तुमी नशीबवान." मी प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी बघितली. एक बाजूला काढली. बघून झालेल्या फळ्याही मी पुन्हा उलटवत राहिले, त्यानं ते दुःख समजून मला पाणी आणून दिलं. तेव्हाही मी बोलले नाही. कुणाच्या मौतीच्या दिवशी असं काही बोलू नये, असं मी स्वतःला सांगितलं. मग चाळिसावा दिवस झाला, वर्ष झालं, चाचीही गेल्या, आणि तो दिवस कधी आलाच नाही.

त्या चलनावर सही न केल्याचं कौतुक झालं आणि मला झोप लागेना. परवाच्या रविवारी मी अकोल्याला गेले. मोर्णा नदी ओलांडून, जुन्या बाजाराच्या तोंडाशी त्या रंगाऱ्याचं दुकान आहे. केस पांढरे झालेत. तुम्ही केलेल्या त्याच बैठकीवर बसून तो एका ट्रॅक्टरचा नंबर रंगवत होता. त्यानं मला ओळखलं. "ताई ना तुमी? चाचाकडच्या?" मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पायरीची फळी चाचांनी नाही, मी निवडली होती, गाठ मी बघितली होती, भुसा मी भरला होता, चाचांनी ती फळी बघितलीही नव्हती. त्यानं कुंचला डब्यात ठेवला. मला वाटलं तो शिव्या देईल, त्याची मी तयारी करून गेले होते. त्यानं हाताला लागलेला रंग फडक्याला पुसला.

मग म्हणाला, "पहिल्या वर्षी मी त्यायले उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, माहीत हाये का तुमाले? दर शुक्करवारी येत, आन् मी म्हनो, आंधळ्या, आता काय पाहाले आला? बायकोनं चहा देला तं मी तो त्यायच्या पायापाशी सांडला एकदा. ते खाली बसले, कप उचलला, ठेवला, आन् पुढच्या शुक्करवारी पुन्हा आले."

मी बैठकीच्या उतरत्या फळीकडे बघत होते.

"पायाचं मी समजून घेतलं असतं," तो म्हणाला. "हाडं मोडतात मानसाचे. पन मी ज्या मानसाले बोललो त्याची चूकच नोहती. त्याचं मी आता काय करू? माफी कोनाले मागू?"

मी म्हणाले, माझ्यामुळे झालं. तो म्हणाला, "हो." त्याच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. मग त्यानं विचारलं, "त्यायच्या पोराले सांगितलं?" मी नाही म्हणाले. "त्याले अजून वाटते बापाची नजर गेली होती. मले बी तेच सांगत असते, अब्बूले दिसत नोहतं म्हणून. सांगा त्याले. मी नाही सांगनार, माहं काम नोहे ते." मग त्यानं कुंचला उचलला आणि खाली बघून म्हणाला, "जा तुमी आता. रंग सुकून राहिला."

तिथून तुमची गल्ली पाच मिनिटांवर. मी गेले, चाचा. पत्र्याच्या जागी आता स्लॅब आहे, रंध्याचं मशीन आहे, पण चिडाच्या फळ्या अजून त्याच भिंतीला टेकलेल्या आहेत. तुमच्या मुलानं मशीन बंद केलं, खुर्ची पुसून दिली. चष्म्याचा नंबर वाढला म्हणाला, अब्बूसारखंच होईल की काय याची भीती वाटते म्हणाला. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्यानंच माझ्यासमोर दार उघडून धरलं होतं. मी त्याला चांगला डॉक्टर सुचवला. हल्लीच्या परदेशी चिडाबद्दल आम्ही बोललो, त्यात राळ कमी असते, रंधा सोपा जातो. त्यानं चहा मागवला. मी तो प्याले आणि साडेचारची गाडी आहे म्हणून उठले.

हे सगळं मी तुम्हाला लिहिते आहे असं म्हणते, पण तुम्हाला तर सगळं माहीत होतं, रंगाऱ्याच्या घरी काय व्हायचं तेही माहीत होतं. हे पत्र ज्या घरी जाऊ शकतं तिथे ते तुमचा मुलगा उघडेल, आणि ज्याला ते वाचायची गरज आहे तो तोच आहे. पत्ता मला पाठ आहे. आयटीआयच्या कोपऱ्यावर पोस्ट आहे, सुट्टीच्या दिवशीही बाहेरची पेटी उघडी असते. सकाळी घरून निघताना मी कागद घेतले, दोन पेनं घेतली. पाकीट घरी टेबलावर समोरच होतं. ते मी विसरले नाही, चाचा. मी ते घेतलं नाही.